उत्तर न आल्यास

कृतिकाचं काम नेमकं काय, हे घरात कुणालाच धड सांगता यायचं नाही. तिचे बाबा तानाजीराव विचारणाऱ्याला ‘मोबाईलमधलं काहीतरी असतं’ असं सांगून विषय बदलायचे. आई, गोदाबाई, मात्र ठासून सांगायची, “बसल्या जागेवरून लोकांचे फोन दुरुस्त करते माझी मुलगी.” आणि खरं म्हणाल तर आईचंच जास्त बरोबर होतं.

वागळे इस्टेटमधल्या तिच्या कंपनीने ‘उंबरा’ नावाचं एक ॲप काढलं होतं. सोसायटीच्या गेटवर कुणी आलं की वॉचमन टॅबवर त्याचं नाव टाकतो, फोटो काढतो, आणि वरच्या घरात फोन वाजतो. अमुक अमुक आले आहेत, सोडू का? घरच्यांनी ‘हो’ दाबलं की गेट उघडतं. एवढंच ते. पण हे एवढंसं काम हजारो फोनमध्ये रोज बिनबोभाट चालावं, त्यातल्या चुका निघाव्यात, नवी सुधारणा कुणाच्या दारात न जाता हवेतल्या हवेत ज्याच्या त्याच्या फोनमध्ये जाऊन बसावी, ही सगळी जबाबदारी कृतिकाची. ऑफिसात याला ‘अपडेट सोडणं’ म्हणत. मुलगी हुशार होती, कामाला चोख होती आणि आपण चोख आहोत हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्यांची सोसायटी वर्तकनगरची. जुनी वसाहत पाडून तिथे टॉवर उभा राहिला, तेव्हा ‘उंबरा’ बसवायला कमिटीला कृतिकानेच भरीस घातलं. पुढे उंदरांनी इंटरकॉमच्या वायरी कुरतडल्या. दुरुस्तीचा विषय निघाला तेव्हाही मीटिंगमध्ये तीच उभी राहिली. म्हणाली, “काका, ॲप आहे ना. आता इंटरकॉम कोण वापरतं?” सेक्रेटरीकाकांनी मान डोलावली आणि भिंतीवरचे पांढरे रिसीव्हर भंगारात गेले. आपल्याच पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा हे शिकलेल्या माणसाकडूनच शिकावं.

त्या उन्हाळ्यात सोसायट्यांच्या तक्रारी वाढल्या. सदस्य फोनकडे बघत नाहीत, डिलिव्हरीवाले गेटवर ताटकळतात, बाईकची रांग रस्त्यापर्यंत जाते. शिवाय कुणाच्याही नावावर आत घुसू पाहणारे विक्रेते होतेच. यावर उपाय कृतिकाने सुचवला. एका मिनिटात उत्तर आलं नाही, तर ॲपनेच नकार देऊन मोकळं व्हायचं.

तिच्या शेजारी बसणारा साकेत म्हणाला, “अगं पण उत्तर आलं नाही आणि नाही म्हणाले, हे दोन्ही एकच कसं?”

“वॉचमनसाठी एकच आहे रे. गेट उघडायचं की नाही, बस.”

“निदान लिहू तरी तसं. उत्तर मिळालं नाही, म्हणून.”

“मग तो परत विचारणार, परत विचारणार, रांग तिथेच. सरळ लिही ना, सदस्यांनी प्रवेश नाकारला आहे. विषय संपला. आणि ते ‘पुन्हा विचारा’चं बटणही काढून टाक, उगाच खेळत बसतात.”

साकेतने बटण काढलं. त्याला वाद घालायचा कंटाळा होता आणि तेवढ्यात चहाही आला होता. अशा रीतीने माणसाच्या गप्प राहण्याला नकार ठरवण्याचा निर्णय चहाच्या एका कपात झाला.

आता थोडं गोदाबाईंच्या माहेराबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माहेर डोंबिवलीपलीकडे, भोपरला. गायकरांचं आगरी घर. आजोबांच्या वेळी भातशेती आणि मिठागर, आता भाताच्या जागी टॉवर. रघुनाथ हा गोदाबाईंचा एकुलता एक, थोरला भाऊ. त्या त्याला दादूस म्हणायच्या. लहानपणी त्यांना खांद्यावर घेऊन खाडीचा चिखल तुडवणारा भाऊ. शेत बिल्डरला द्यायच्या वेळी बहिणीची सही लागली, आणि ती मागायला दादूस आला नाही. त्याने वकिलाचा कारकून धाडला. तो सोफ्यावर बसला, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाला, “ताई, इथे, इथे आणि इथे.”

गोदाबाईंना हिस्सा नको होता. त्या आजही शपथेवर तसं सांगतात आणि ते खोटं मानायचं काही कारण नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की दादूसने स्वतः यावं, घरात बसावं, बहिणीला विचारावं, मग तो म्हणेल तिथे सही. पण हा निरोप भोपरला पोचेपर्यंत पार उलटा झाला. गोदीने सही नाकारली, गोदी हिस्सा मागते. मग इकडून चार शब्द गेले, तिकडून आठ आले. शेवटी सही झाली ती रजिस्ट्रारच्या ऑफिसात, एकाच बाकड्याच्या दोन टोकांना बसून, एकमेकांकडे न बघता. त्यानंतर राखी नाही की भाऊबीज नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर दोन्ही सुंभ एकाच घरचे.

दादूसच्या मुलीचं, समृद्धीचं, लग्न ठरल्याची बातमी गोदाबाईंना तिसऱ्याकडूनच कळली होती. तेव्हापासून दारावरची बेल वाजली की त्या आधी पदर सारखा करायच्या आणि मग दार उघडायच्या. कृतिकाने ते पाहिलं होतं. पाहिलं आणि आई आजकाल फार टापटिपीने राहते, एवढाच त्याचा अर्थ लावला. फोनला काय दुखतंय हे चुटकीसरशी ओळखणाऱ्या पोरीला आईचं मात्र ओळखता आलं नाही, याचं तिला पुढे फार वाईट वाटलं.

नवं अपडेट सोडायचा दिवस ठरला. कुठलंही अपडेट आधी थोड्या लोकांना द्यायचं, सगळं ठीक चाललं तर मग सगळ्यांना, अशी कंपनीची पद्धत. पहिला मान कृतिकाने नेहमीप्रमाणे आपल्याच सोसायटीला दिला. वेळ दुपारची निवडली, कारण जेवून लोक आडवे होतात, गेटवर सर्वांत कमी माणसं तेव्हा येतात. त्यांच्या घरासाठी गेटवरून येणारा फोन आईच्याच मोबाईलवर वाजायचा, कारण दिवसा घरी तीच असायची. तो मोबाईल मात्र इतका जुनाट झालेला की आधी त्याचंच सगळं सॉफ्टवेअर नवं करायला हवं होतं. गोदाबाई महिनोन्‌महिने विचारायच्या, “हे बघ, हा काहीतरी मागतोय,” आणि कृतिका म्हणायची, “नंतर कर.” त्या दिवशी निघताना तिने स्वतःच सगळं लावून दिलं.

“आई, जेवण झालं की फोन चार्जिंगला लाव. आपोआप होईल सगळं. पण पूर्ण होईपर्यंत हात लावायचा नाही हं. मध्येच बटण दाबलंस तर फोन मेलाच समज.”

“नाही गं बाई लावत,” गोदाबाई म्हणाल्या. आणि जेवण झाल्यावर फोन चार्जिंगला लावून त्या शेजारी खुर्ची घेऊन बसल्या, कुणाचा चुकून धक्का लागू नये म्हणून. घरात दुसरं कुणी नव्हतंच. तानाजीराव टिटवाळ्याला आपल्या मित्राकडे गेले होते.

इकडे ऑफिसात सगळं कसं छान चाललं होतं. अपडेट एकामागून एक फोनमध्ये उतरत होतं, कुठे अडत नव्हतं, कुणाची तक्रार नव्हती. अपडेट विनातक्रार उतरलं तर साकेतने पेढे द्यायचे अशी पैज होती, तीही जिंकल्याचं कृतिकाने त्याला सांगून टाकलं. तेवढ्यात आईचा फोन आला. फोन लागला म्हणजे नवं सॉफ्टवेअर नीट बसलं, या आनंदात तिने तो उचलला.

“कृतिका,” आईचा आवाज भलताच बारीक होता. “दादूस आलेला का गं?”

“कोण?”

“फोन चालू झाला ना आत्ता, तर पहिलंच हे आलंय. रघुनाथ गायकर यांना तुम्ही प्रवेश नाकारला. मी कधी नाकारला गं? मी तर हातसुद्धा नाही लावला. तूच सांगितलेलंस ना हात लावू नको म्हणून.”

कृतिकाला ते वाक्य ओळखीचं वाटलं, आणि का नाही वाटणार, तिनेच ते लिहिलं होतं. तिने बॅग उचलली, साकेतला नुसतं “घरी जातेय” म्हणाली आणि खाली येऊन मिळेल ती रिक्षा पकडली.

ती पोचली तेव्हा गोदाबाई गेटवरच उभ्या होत्या, घरातल्याच साडीत, पायात दोन वेगवेगळ्या चपला. वॉचमन गोविंदा कानकोंडा होऊन सांगत होता.

“मॅडम, मी नाव टाकलं, फोटो काढला. म्हातारे गृहस्थ, पांढरा शर्ट, टोपी. हातात ताट होतं, वर रुमाल झाकलेला. म्हणाले, बहिणीकडे आलोय, लग्नाचं बोलावणं आहे. मी म्हटलं, थांबा काका, सावलीत बसा. तर एवढ्यात टॅबवर लाल आलं, नाकारलं म्हणून.”

“मग परत विचारायचं ना, गोविंदा!”

“ते बटण नाही दिसत हो मॅडम आजपासून. मी शोधलं. आणि गेट सोडून वर यायला आम्हाला मनाई आहे. ते म्हणाले, ‘ती बोलली का तुझ्याशी?’ मी म्हटलं, बोलल्या नाहीत, पण नाही म्हणाल्यात. मग ते जरा वेळ तसेच उभे राहिले. वर बघत होते, कुठला मजला ते त्यांना ठाऊक नसावं. मग गेले.”

ताट म्हटल्यावर गोदाबाई वॉचमनच्या खुर्चीत मटकन बसल्या. कारण ताटाचा अर्थ त्या सगळ्यांत फक्त त्यांनाच ठाऊक होता. गायकरांच्या घरात लग्नाचं पहिलं आमंत्रण गावदेवीला आणि दुसरं घरच्या लेकीला, म्हणजे नवरीच्या आत्याला. ते पोस्टाने जात नाही, मुलाबाळांच्या हाती जात नाही. घरचा कर्ता देवळातून थेट निघतो आणि हळकुंड, सुपारी, अक्षता ताटात घालून आत्याच्या दारी जातो. कारण नवरीला पहिली हळद आत्याची. तीही साधी गालाला लावायची नाही. बाकीच्यांनी गालाला बोट टेकवावं. आत्याने पायांपासून सुरुवात करायची, गुडघे, खांदे, आणि मग कपाळ. तिच्या हातांनी मुलगी नखशिखांत पिवळी झाली की मग मांडवात वाद्यं वाजायची. गोदाबाईंना त्यांच्या आत्याने अशीच हळद लावली होती.

“स्वतः आला गं,” त्या म्हणाल्या. “माझ्या दारात स्वतः आला.”

आणि त्या रडल्या. चारचौघांत, गेटवर, डिलिव्हरीवाल्या पोरांसमोर, पदर तोंडाला न लावता रडल्या. वर्षानुवर्षं त्यांनी एवढीच एक गोष्ट मागितली होती. ती मिळाली होती आणि त्यांच्याच नावाने कुणीतरी ती परत पाठवली होती. ते कुणीतरी शेजारी उभं होतं आणि त्याला आईच्या खांद्यावर हात ठेवायचीही लाज वाटत होती.

रघुमामाचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. संध्याकाळपर्यंत भोपरहून एका दूरच्या वहिनीचा मेसेज आला, गोदीने भावाला गेटावरनं हाकलला असं गावात बोलतात, खरं का? बातमीला कुठलं अपडेट लागत नाही, ती आपली आपण पोचते. टिटवाळ्याहून आलेल्या तानाजीरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “उद्या सकाळी जा दोघी. मी नाही येत. मी आलो की पुन्हा जमिनीचं निघेल.”

सकाळी दोघी निघाल्या. मानकोलीचा पूल झाल्यापासून ठाण्याहून डोंबिवली हाकेच्या अंतरावर आली आहे, पण गोदाबाई त्या पुलावरून पहिल्यांदाच जात होत्या. खाली खाडी दिसली तशी त्यांनी मान वळवली. वाटेत कृतिका मनातल्या मनात शब्द जुळवत होती. सर्व्हर म्हणायचं का? सिस्टीम म्हणायचं का? मामाला कळेल असं काय म्हणायचं?

भोपरच्या घरापुढे मांडवाचे वासे उतरवून ठेवले होते. घर आता तीन मजली, पण ओटा जुन्याच जागी. रघुमामा ओट्यावर खुर्चीत बसले होते. बहिणीला बघून ते उठले नाहीत, पण उठून आतही गेले नाहीत. मामी, माया, पाणी घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

“दादूस,” गोदाबाई उभ्यानेच म्हणाल्या, आणि ठाण्यात इतकी वर्षं न बोललेली बोली आपसूक त्यांच्या तोंडी आली. “मना नाय ठावं तू आयलेलास. गावदेवीची शप्पत.”

“वॉचमननं वाचून दाखवला मना. नाकारला म्हून.”

कृतिका पुढे झाली. “मामा, आई नाही म्हणालीच नाही. तिचा फोन बंद होता. अपडेट चाललेलं, म्हणजे फोनची दुरुस्ती चाललेली, आपोआप. तिला कळलंच नाही तुम्ही आलात ते.”

“फोन बंद व्हता?”

“हो मामा.”

“मंग ‘ना’ कोन बोलला?”

विचारलं ते अगदी साधेपणाने. उलटतपासणी नव्हती, खोच नव्हती. वाटेत जुळवलेले सगळे शब्द कृतिकाच्या तोंडाशी आले. सर्व्हर, सिस्टीम, कंपनी. त्यातला एकही सांगितला असता तरी चाललं असतं, मामाला कुठे काय कळणार होतं? पण आई शेजारी उभी होती.

“मी,” कृतिका म्हणाली. “मीच तसं ठेवलेलं. उत्तर आलं नाही की नाही समजायचं, असं. ते काल दुपारी मीच आमच्या सोसायटीत सगळ्यांच्या फोनमध्ये पाठवलं.”

“कशाला?”

“गेटवर रांग लागू नये म्हणून.”

रघुमामा तिच्याकडे बघत राहिले. रागावतील असं तिला वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “एकांदा गप रायला तर आपुन परत हाक मारताव ना पोरी. झोपला आसंल, न्हानीत आसंल. गप म्हंजे ‘ना’ कसा?”

कृतिकाने खाली मान घातली. साकेतनेही तेच विचारलं होतं, पण तेव्हा तिच्याकडे उत्तर होतं.

“पन तुला तरी काय बोलू,” मामा पुढे म्हणाले, आणि आता ते भाचीशी बोलत नव्हते. “मी तरी कुठं परत हाक मारली? खाली उभा राहून गोदे म्हून बोंब मारली आसती तर वरती ऐकू आली आसती. नाय मारली. मना वाटला, बराबर हाय तिचा. मी तिचे दारावर कारकून धाडला व्हता, तिनं माजेपुढं मशीन धाडला. फिटला.”

“दादूस!” गोदाबाई ओरडल्याच. “आसा कसा वाटला तुला?”

“वाटला. ‘ना’ बोलशील याचीच धास्ती घेऊन निंगालू व्हतू घरशी. ज्याची भीती व्हती ता समोर आयला. मंग खरा का खोटा कोन बगतो?”

मायामामीने गोदाबाईंचा हात धरून त्यांना ओट्यावर बसवलं. कृतिकाला वाटलं, झालं, मिटलं. मामाने ऐकलं, मामाला पटलं. तिच्या जिवात जीव आला. चूक झाली, पण सुधारता आली, असं तिने स्वतःला सांगूनही टाकलं.

मग गोदाबाईंनी हळूच विचारलं, “ताट?”

रघुमामा जमिनीकडे बघायला लागले. “भरलेला ताट परत घरान नाय आनीत, बाय. तुला ठावं हाय. येताना रंगूबायचे दारावर थांबलू. तिला दिला. पयली हलद तिची, शब्द दिला तिला. तिनं लुगडा पन घेतला.”

रंगूबाई म्हणजे त्यांची चुलतबहीण, गावातच दिलेली. वयाने सगळ्यांत मोठी आणि जन्मात तिला असा मान कधी मिळाला नव्हता.

“मामा, पण आता तर कळलंय ना तुम्हाला,” कृतिका म्हणाली. “तिला सांगता येईल ना, चुकून झालं म्हणून? मी जाऊन सांगते हवं तर. मी पाया पडते तिच्या.”

“गप बस, कृतिका,” गोदाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “दिलेला मान परत नाही घेत कुणी. तिने काय घोडं मारलंय?”

मामा आत गेले आणि एक छापील पत्रिका घेऊन आले, हळदीकुंकवाचं बोट लावलेली. गावात घरोघर देतात तसलीच. त्यांनी ती दोन्ही हातांनी बहिणीला दिली. “तू ये मात्र. तुजा घर हाय.” गोदाबाईंनी ती कपाळाला लावली. चहा झाला, जुन्या चार गोष्टीही निघाल्या आणि निघताना मामा रस्त्यापर्यंत सोडायला आले. बोलणं सुरू झालं होतं. कृतिका मात्र पूर्ण वाटभर खिडकीबाहेर बघत बसली.

एव्हाना ते अपडेट बाकीच्या सोसायट्यांतही पोचलं होतं. ऑफिसात गेल्यावर तिने आधी तो नियम काढून टाकला. आता उत्तर आलं नाही तर टॅबवर यायचं, ‘उत्तर मिळालेलं नाही. थांबायला सांगा व पुन्हा विचारा.’ बटण परत आलं. साकेतने ‘मी म्हटलं होतं’ असं एकदाही म्हटलं नाही, त्याबद्दल ती त्याची आभारी होती. नवं अपडेट काही दिवसांत सगळ्यांच्या फोनमध्ये जाऊन बसलं. एका सेक्रेटरीने खरमरीत मेल लिहिला, की गेटवर पुन्हा रांगा लागतात, तुमचं आधीचंच बरं होतं. तिने त्याला नम्र उत्तर पाठवलं. पण मधल्या वेळात आपल्या वाक्याने आणखी किती दारांतून किती माणसं परत गेली असतील, हा विचार तिची पाठ सोडेना. आकडा काढणं अवघड नव्हतं, तिने तो काढलाही. त्यात डिलिव्हरीवाले किती, विक्रेते किती, हे सगळं होतं. कुणाच्या हातात ताट होतं हे कुठेच नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी देणारं यंत्र तिने मोठ्या हौसेने बनवलं होतं आणि पहिला संन्यासी तिच्या घरचाच निघाला.

हळदीच्या संध्याकाळी भोपरचा मांडव माणसांनी फुलला होता. बँड होता, डीजे होता, एका कोपऱ्यात म्हाताऱ्या बायका ढवळे, लग्नातली जुनी गाणी, गात होत्या ती त्या डीजेत कुणाला ऐकू येत नव्हती. गोदाबाई हिरवी साडी नेसून आल्या होत्या. रघुमामांनी त्यांना पुढे आणून खुर्ची दिली, समृद्धीने लांबूनच “आत्या!” करून हात हलवला. कुणी कुजबुजलं असेल तर ते कुजबुजण्याइतकंच.

मग रंगूबाई पुढे झाली. नवं लुगडं, हातात हळदीचा वाडगा. ती समृद्धीच्या पाटापुढे वाकून बसली. पायांना हळद, गुडघ्यांना, खांद्यांना, कपाळाला. वाद्यं वाजली. पोरांनी शिट्या मारल्या. गोदाबाई टाळ्या वाजवत होत्या. कृतिका त्यांच्याकडे बघत होती आणि तिला बघवत नव्हतं.

मग बाकीच्या बायका एकेक करून जाऊ लागल्या. गोदाबाई रांगेत उभ्या राहिल्या. पुढे दोन शेजारणी, मागे कुणीतरी नवऱ्याकडची. त्यांची पाळी आली. त्यांनी वाडग्यात बोटं बुडवली, आणि बुडवली ती चांगली भरभरून. मूठभर हळद घेऊन त्या खाली वाकल्या, समृद्धीच्या पायांकडे.

हात पायांपासून वीतभर अंतरावर थांबला.

क्षणभरच. मागच्या बाईला कळलंही नसेल. मग गोदाबाई सरळ झाल्या, मुठीतली हळद हलकेच वाडग्यात परत सोडली आणि बोटाला उरली होती तेवढी समृद्धीच्या एका गालाला लावली, मग दुसऱ्या. “सुखी राहा गं,” म्हणाल्या, आणि मागच्या बाईला जागा करून दिली.

कृतिका धावत त्यांच्याजवळ गेली. आईच्या तळहातावर हळदीचा पिवळाजर्द थर तसाच होता आणि तो कुठे पुसावा ते त्यांना समजत नव्हतं. “आई,” ती म्हणाली, “आई, मला माफ कर गं.” तिचं बोलणं डीजेत बुडालं असेल नसेल. गोदाबाईंनी कोरड्या हाताने लेकीचा गाल कुरवाळला. मग माहेरच्या मांडवात उभं राहून, ठाण्याच्या घरात बोलतात त्या भाषेत म्हणाल्या,

“चल, निघू या आता. पाहुण्यांनी फार वेळ थांबू नये.”